दुसरं महायुद्ध: टेबलावरचे करार, रणांगणावरच्या लढाया आणि सामान्य माणसांवरचे अत्याचार एकमेकांशी कसे जोडलेले होते?

कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधल्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती. त्यात महिला आणि मुलांची संख्या सर्वाधिक होती. युद्ध तर युरोपात सुरू होतं. मग हे लोक पंचगंगेच्या काठी कसे पोहोचले?

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही एका लढाईत सापडत नाही. ते सापडतं २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत झालेल्या एका करारात.

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपण बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या याद्यांमध्ये वाचतो. लढाया एकीकडे, करार दुसरीकडे आणि अत्याचार तिसरीकडे. परीक्षेसाठी ते सोयीचं असतं. पण या तिन्ही गोष्टी एकाच साखळीच्या कड्या होत्या. एका कराराने सीमा बदलली की लढाई पेटायची, लढाईनं प्रदेश हातात आला की तिथल्या लोकांचं काय करायचं हे जिंकणारा ठरवायचा. आणि ज्यांच्याबद्दल निर्णय होत होता, ते लोक बहुतेकदा त्या खोलीत नसायचे.

ही साखळी सुरुवातीपासून समजून घेऊ.

नेमके किती लोक मारले गेले?

दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांचा अचूक आकडा कुणाकडेही नाही. इतिहासकारांचे अंदाज साधारण ६ कोटी ते ८ कोटींच्या दरम्यान आहेत. त्यात सैनिकांपेक्षा सामान्य नागरिकांची संख्या जास्त आहे.

सोव्हिएत युनियननं सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गमावली. चीनमध्ये दीड ते दोन कोटी लोक मारले गेल्याचे अंदाज आहेत. पोलंडमध्ये ५५ ते ६० लाख नागरिकांचा बळी गेला, त्यातले सुमारे ३० लाख ज्यू होते. म्हणजे ज्या देशांच्या जमिनीवर दुसऱ्यांचे बेत आखले गेले, त्यांनीच सर्वांत मोठी किंमत मोजली.

युद्ध कधी सुरू झालं? १९३७ की १९३९?

बहुतेक पुस्तकांमध्ये १ सप्टेंबर १९३९ ही तारीख दिलेली असते. त्या दिवशी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. पण आशियात त्याआधी दोन वर्षं युद्ध सुरू झालेलं होतं.

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झाली. त्याचं रूपांतर पूर्ण युद्धात झालं. १३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी सैन्यानं चीनची तेव्हाची राजधानी नानजिंग ताब्यात घेतली.

पुढचे सहा आठवडे या शहरात कत्तल, लूट आणि बलात्कारांचं सत्र चाललं. युद्धानंतर टोकियोत बसलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं मृतांचा आकडा दोन लाखांच्या वर सांगितला. चीन सरकारचा अधिकृत आकडा तीन लाख आहे.

पुढे जपाननं व्यापलेल्या प्रदेशांमधल्या महिलांना सैनिकांसाठी लैंगिक गुलाम बनवण्यात आलं. त्यात कोरियन, चिनी, फिलिपिनो अशा अनेक महिला होत्या. 'कम्फर्ट विमेन' या शब्दाआड ही गोष्ट अनेक दशकं झाकली गेली.

म्युनिक करार काय होता?

आता युरोपकडे येऊ. १९३८ मध्ये हिटलरनं चेकोस्लोव्हाकियातल्या सुडेटनलँड या भागावर दावा सांगितला. तिथं जर्मन भाषिकांची मोठी वस्ती होती.

युद्ध टाळण्यासाठी सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये चार नेते भेटले. जर्मनीचा हिटलर, इटलीचा मुसोलिनी, ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान एदुआर दालादिए. ३० सप्टेंबरच्या पहाटे करारावर सह्या झाल्या आणि सुडेटनलँड जर्मनीला मिळालं.

ज्या देशाचा भाग तोडून दिला, त्या चेकोस्लोव्हाकियाला चर्चेच्या टेबलावर जागाच नव्हती. त्यांना फक्त निर्णय कळवण्यात आला.

या भागाबरोबर देशाच्या सीमेवरची तटबंदीही गेली. त्यामुळे १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं तेव्हा त्याला अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शांततेसाठी केलेला करार साडेपाच महिन्यांत संपला.

मॉस्कोच्या करारातली गुप्त कलमं आणि वळिवडे

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि सोव्हिएत युनियनचे परराष्ट्रमंत्री मोलोतोव यांनी मॉस्कोत अनाक्रमण करारावर सह्या केल्या. एकमेकांवर हल्ला करायचा नाही, हे जगाला सांगण्यात आलं.

जे सांगितलं नाही, ते गुप्त कलमांमध्ये होतं. पोलंड, बाल्टिक देश, फिनलंड आणि रुमानियाचा काही भाग यांची दोघांनी आपापसात वाटणी केली होती.

१ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला. ३ सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्सनं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत आलं.

यानंतर दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट कातिनची. १९४० च्या वसंत ऋतूत सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यात लष्करी अधिकारी, पोलीस, तसंच राखीव दलात असलेले डॉक्टर, वकील, शिक्षक होते. कातिनच्या जंगलात त्यांच्या सामूहिक कबरी सापडल्या, म्हणून हे हत्याकांड त्या नावानं ओळखलं जातं.

दुसरी गोष्ट हद्दपारीची. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांमध्ये कोंबून सायबेरिया आणि मध्य आशियात पाठवण्यात आलं.

पण जून १९४१ मध्ये हिटलरनं करार मोडून सोव्हिएत युनियनवरच हल्ला केला आणि समीकरण उलटं झालं. आता सोव्हिएत युनियनला मित्र हवे होते. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये पोलंडच्या परागंदा सरकारशी त्यांनी सिकोर्स्की-मायस्की करार केला. हद्दपार केलेल्या पोलिश लोकांना 'माफी' देण्यात आली. त्यांनी कोणता गुन्हा केला होता, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

या करारामुळे एक लाखाहून जास्त पोलिश लोक इराणमार्गे बाहेर पडू शकले. त्यातले काही भारतात आले. गुजरातमध्ये जामनगरजवळ बालाचडीला नवानगरचे महाराजा दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आसरा दिला. तर सर्वांत मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला उभी राहिली. तिथं शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता.

एका करारानं घर गेलं आणि दुसऱ्या करारानं जीव वाचला. दोन्ही वेळा सह्या करणारे वेगळेच होते.

सोव्हिएत युनियनवरचा हल्ला इतका निर्णायक का ठरला?

मधल्या काळात जर्मनीनं पश्चिम युरोप काबीज केला होता. मे १९४० च्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत डंकर्कच्या किनाऱ्यावरून सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिकांना बोटींनी इंग्लंडला हलवण्यात आलं. २२ जून १९४० रोजी फ्रान्सनं शस्त्रं खाली ठेवली. १९१८ मध्ये जर्मनीनं ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सही केली होती, त्याच डब्यात हिटलरनं फ्रान्सला सही करायला लावली.

बरोबर एक वर्षानं, २२ जून १९४१ रोजी, ३० लाखांहून जास्त सैनिक सोव्हिएत सीमेत घुसले. या मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन बार्बारोसा'.

ही फक्त प्रदेश जिंकण्याची मोहीम नव्हती. सैन्यामागोमाग खास पथकं पाठवण्यात आली होती. जिंकलेल्या गावांमधल्या ज्यूंना, कम्युनिस्ट अधिकाऱ्यांना आणि रोमा लोकांना मारणं हे त्यांचं काम होतं. कीव्ह पडल्यावर २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत बाबी यार नावाच्या घळीत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. हा आकडा मारेकऱ्यांनीच आपल्या अहवालात लिहून ठेवलेला आहे.

जर्मनीच्या ताब्यात सापडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी अंदाजे ३३ लाख उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळीबारात मेले. लेनिनग्राड शहराला ८७२ दिवस वेढा पडला. तिथं लाखो नागरिक भुकेनं मेले.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे तलावाकाठच्या एका बंगल्यात १५ वरिष्ठ नाझी अधिकारी जमले. बैठक साधारण दीड तास चालली. ज्यूंना मारायचं की नाही, हा तिथं चर्चेचा विषय नव्हता, कारण हत्या आधीच सुरू झाल्या होत्या. संपूर्ण युरोपातल्या ज्यूंना संपवण्यासाठी वेगवेगळ्या सरकारी खात्यांनी एकमेकांशी मेळ कसा घालायचा, हे ठरवायचं होतं. बैठकीतल्या यादीत देशवार आकडे होते. एकूण १ कोटी १० लाख.

ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक, खेल्मनो, मायदानेक आणि आउशवित्झ ही व्याप्त पोलंडमधली हत्याकेंद्रं. आउशवित्झमध्ये सुमारे ११ लाख लोकांना मारण्यात आलं. संपूर्ण होलोकॉस्टमध्ये सुमारे ६० लाख ज्यूंचा बळी गेला. लाखो रोमा लोक, तसंच अपंग आणि मनोरुग्ण व्यक्तींनाही नाझींनी ठरवून मारलं.

पारडं कुठं फिरलं?

१९४२ च्या मध्यापासून १९४३ च्या सुरुवातीपर्यंतच्या तीन लढायांनी युद्धाची दिशा बदलली.

मिडवे (४ ते ७ जून १९४२): जपाननं ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला करून अमेरिकेला युद्धात ओढलं होतं. सहा महिन्यांनी मिडवे बेटाजवळ अमेरिकी नौदलानं जपानच्या चार विमानवाहू नौका बुडवल्या. त्यानंतर पॅसिफिकमध्ये जपानची आगेकूच थांबली.

अल अलामेन (ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२): इजिप्तच्या वाळवंटात ब्रिटिश नेतृत्वाखालच्या सैन्यानं रोमेलच्या सैन्याला मागे रेटलं. सुएझ कालव्यावरचा धोका टळला. या लढाईत भारतीय सैनिकही होते.

स्टालिनग्राड (ऑगस्ट १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३): घराघरांतून, कारखान्यांतून लढाई झाली. शेवटी जर्मनीची सहावी आर्मी वेढ्यात सापडली आणि सुमारे ९१ हजार सैनिक शरण आले. त्यातले पाच-सहा हजारच पुढे घरी परतले.

रणांगणावर हार दिसू लागल्यावर अत्याचार कमी झाले का? तसं झालं नाही. ६ जून १९४४ रोजी दीड लाखाहून जास्त मित्रराष्ट्रांचे सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होते, त्याच सुमारास हंगेरीतून आउशवित्झकडे गाड्या धावत होत्या. मे ते जुलै १९४४ या साधारण आठ आठवड्यांत हंगेरीतल्या ४ लाखांहून जास्त ज्यूंना हलवण्यात आलं. त्यातल्या बहुतेकांना पोहोचताच मारण्यात आलं.

भारताला कुणी विचारलं होतं का?

नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. एकाही निवडून आलेल्या नेत्याशी चर्चा झाली नव्हती. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यात मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळही होतं.

१४ ऑगस्ट १९४१ रोजी रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपलं सरकार निवडण्याचा हक्क सर्व लोकांना आहे, असं त्यात म्हटलं होतं. महिनाभरातच चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत स्पष्ट केलं की हे कलम मुख्यतः नाझींच्या ताब्यातल्या युरोपीय देशांसाठी आहे. भारत आणि ब्रह्मदेशाचा प्रश्न वेगळा आहे.

तरीही २५ लाख भारतीय या सैन्यात दाखल झाले. सुमारे ८७ हजार जण मारले गेले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी केलेल्या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. तिथं शरण आलेल्या भारतीय सैनिकांपैकी हजारो जण पुढे आझाद हिंद सेनेत गेले. त्यामुळे १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमाच्या लढाईत दोन्ही बाजूंना भारतीय होते.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती काही लागू नये म्हणून ब्रिटिशांनी बंगालच्या किनारी भागातला धान्यसाठा आणि हजारो होड्या काढून घेतल्या. त्यात ऑक्टोबर १९४२ चं चक्रीवादळ, भडकलेली महागाई, साठेबाजी आणि धान्याच्या जहाजांना लंडननं दिलेले नकार. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किती जण मेले? सरकारी चौकशी आयोगानं १५ लाख म्हटलं. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज २० ते ३० लाखांचे आहेत. बंगालमध्ये शत्रूचं सैन्य घुसलंच नव्हतं. तरी युद्धानं घेतलेले हे बळी आहेत.

याल्टा आणि पॉट्सडॅममध्ये काय ठरलं?

४ ते ११ फेब्रुवारी १९४५ या काळात क्रिमियातल्या याल्टा इथं रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन भेटले. तोवर सोव्हिएत सैन्यानं पोलंड ताब्यात घेतला होता. २७ जानेवारीला आउशवित्झची छावणी मुक्त झाली होती. त्यामुळे स्टालिनची बाजू भक्कम होती.

पोलंडमध्ये मुक्त निवडणुका होतील, असं आश्वासन मिळालं. पण देशाचा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत युनियनकडेच राहिला. म्हणजे १९३९ मध्ये हिटलरशी गुप्त करार करून मिळवलेली बरीचशी जमीन १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांनीच मान्य केली. मुक्त निवडणुका झाल्याच नाहीत. पोलंडला या टेबलावरही जागा नव्हती.

जर्मनी ८ मे १९४५ रोजी शरण आला. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमला बैठक झाली. पूर्व युरोपातल्या जर्मन लोकसंख्येला जर्मनीत हलवण्यास तिथं मान्यता मिळाली. हे स्थलांतर 'सुव्यवस्थित आणि मानवी' पद्धतीनं व्हावं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात सुमारे १ कोटी २० लाख जर्मन भाषिकांना घर सोडावं लागलं आणि वाटेत लाखोंचे जीव गेले.

बॉम्बहल्ल्यांचं काय?

शहरांवर बॉम्ब टाकण्याची सुरुवात कुणी केली यावर वाद होऊ शकतो. पण शेवटी दोन्ही बाजूंनी ते केलं. जर्मनीनं वॉर्सा, रॉटरडॅम, लंडनवर बॉम्ब टाकले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी ड्रेस्डेन जाळलं. तिथं २५ हजारांपर्यंत लोक मारले गेले. ९-१० मार्चच्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख लोक जळून मेले.

६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात अंदाजे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास लोक मरण पावले. २ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकी युद्धनौका मिसुरीवर जपाननं शरणागतीवर सही केली.

न्याय कुणाला मिळाला?

८ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे हिरोशिमा आणि नागासाकीच्या मधल्या दिवसांत, लंडनमध्ये एका करारावर सह्या झाल्या. नाझी नेत्यांवर खटला चालवण्यासाठीचा हा करार होता. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' हा शब्दप्रयोग त्यात कायद्याच्या भाषेत आला.

न्यूरेंबर्गचा खटला २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ ला संपला. १२ जणांना फाशीची शिक्षा झाली. नेता असलो तरी, किंवा वरून आदेश होता म्हणून, जबाबदारीतून सुटता येत नाही, हे तत्त्व तिथं प्रस्थापित झालं.

पण मर्यादाही तिथंच दिसल्या. कातिनचं हत्याकांड जर्मनांनी केलं, असा आरोप सोव्हिएत वकिलांनी याच कोर्टात ठेवला. तो सिद्ध झाला नाही आणि अंतिम निकालात कातिनचा उल्लेखच आला नाही. मित्रराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यांवर खटला झाला नाही. चीनमध्ये जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या जपानच्या 'युनिट ७३१' च्या प्रमुखांना अमेरिकेनं संशोधनाच्या माहितीच्या बदल्यात अभय दिलं. टोकियोच्या न्यायाधिकरणातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिला. जपानी सैन्यानं अत्याचार केल्याचं त्यांनी नाकारलं नव्हतं. विजेत्यांनी पराभूतांवर नंतर तयार केलेल्या कायद्यानं खटला चालवावा का, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

तरी या सगळ्यातून काही टिकाऊ नियम उभे राहिले. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार स्वीकारला. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारानं युद्धकाळात सामान्य नागरिकांना स्वतंत्र संरक्षण दिलं. आज जगात कुठेही युद्ध सुरू झालं की 'युद्धगुन्हा' आणि 'वंशसंहार' हे शब्द आपल्या कानावर येतात. त्यामागचा कायदा या वर्षांमधून आलेला आहे.

मॉस्को करारातल्या गुप्त कलमांचं अस्तित्व सोव्हिएत युनियननं डिसेंबर १९८९ मध्ये मान्य केलं. कातिनची जबाबदारी एप्रिल १९९० मध्ये स्वीकारली. त्याआधी अनेक दशकं पोलंडमध्ये या विषयावर उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. ज्यांचे वडील १९४० मध्ये कातिनच्या जंगलात मारले गेले, त्या मुलांना त्यांचा मारेकरी कोण होता हे अधिकृतपणे कळलं तेव्हा ती स्वतः साठीच्या आसपास पोहोचली होती.